फेसानं गिळलेला आवाज

तात्या,

तुम्ही मला आयुष्यात एकदाच मारलंत, तेही विहिरीच्या पायरीवर, आणि चूक माझी नसताना. त्याचा राग मला बरीच वर्षं होता, हे आधीच सांगून टाकते. हल्ली मी समुद्राच्या पाण्यातले आवाज मोजते. होडी बुडाली तर माणसाच्या अंगातल्या जॅकेटमधून पाण्याखाली टकटक सुरू होईल आणि शोधायला आलेलं जहाज ती पकडेल, असं एक यंत्र मी बनवलंय. शांत पाण्यात ते झकास चालतं. पण होड्या काय शांत पाण्यात बुडतात होय? साहेब म्हणतात, चाचण्या झाल्या, आता सही करून टाका. मी सही अडवून धरलीय. परवा खवळलेल्या समुद्रात मोठ्या जहाजावरून ते पुन्हा सोडून बघायचं, हा हट्ट माझा आहे.

लोणी भापकरची आपली विहीर. तुम्ही मला पोहायला शिकवताय. मी बुडी मारून पलीकडच्या कोपऱ्यात कपारीला धरून बसते. तुम्ही पायरीवरून पाण्याखाली दगडावर दगड आपटायचे, तो खणखणीत ऐकू आला की मी वर यायचं, असं ठरलेलं. त्या दिवशी पाइपलाइनीचं पाणी विहिरीत मधोमध धो धो पडतंय, खाली नुसता पांढराफेक फेस. मी वाट बघते. दगड काही वाजत नाही. छाती फुटायची वेळ येते तरी मी जिद्दीनं बसून राहते. एकाएकी तुम्ही कपड्यांसकट पाण्यात येता, दंडाला धरून मला वर ओढता आणि थोबाडीत ठेवून देता. "कवाधरनं वाजवतोय, कान फुटलं व्हय तुजं?" मी म्हटलं, वाजलंच न्हाय. तर म्हणे, वर आणि खोटं बोलतीस. माझा दंड मात्र घरी पोचेस्तोवर तुम्ही सोडला नाहीत, पण ते मला फार नंतर आठवलं.

दुसऱ्या दिवशी बारामतीच्या बाजाराला न्यायचे टोमॅटोचे कॅरेट ओट्यावर भरून ठेवलेले. ते तसेच टाकून तुम्ही मला विहिरीवर नेलंत. पाणी पडतंच होतं. माझ्या हातात दगड देऊन तुम्ही स्वतः माझ्या कोपऱ्यात बुडी मारलीत. मी हात दुखेस्तोवर आपटत राहिले आणि तुम्ही काही वर येईनात. शेवटी दम लागून आलात. मग पाइपाचा कॉक बंद करायला लावलात, फेस निवळू दिलात आणि पुन्हा खाली गेलात. या खेपेला पहिल्याच ठोक्याला वर. तोंडावरचं पाणी पुसून एवढंच म्हणालात, "आजपास्नं आधी कॉक बंद. मगच पाण्यात." थोबाडीत मारल्याचं नाव नाही. मी रागानं नुसती धुमसत होते.

दगड फेसात का ऐकू आला नाही, त्याचं कारण मला आता ठाऊक आहे. लाट फुटते तेव्हा तीही पाइपाच्या धारेसारखीच हवा खाली दाबून नेते. नवा बुडबुडा क्षणभर स्वतःच वाजतो आणि असे असंख्य वाजले की गलका होतो. मागं राहिलेले बारीक बुडबुडे आवाजाबरोबर फुगतात, आकसतात आणि त्याचा जोर खाऊन टाकतात. त्यातून जो आवाज पार जातो तो इतका रेंगाळतो की हवेतलाही त्याच्या पुढं जाईल. पाण्यातून आवाज चांगला जातो, हवेतूनही जातो, पण दोघं एकात मिसळले की त्याची वाट लागते. माझी टकटक त्यातून कुठवर जाईल, मला माहीत नाही. माहीत नसताना सही करायची नाही.

माझं खरं निघालं तर तुमचा हात चुकीचा ठरणार होता. तरी तुम्ही उतरलात. राग तिथंच संपला माझा, उशिरा का होईना. हा कागद घरात तुमच्या फोटोमागं ठेवत नाही, आईच्या हाती लागला तर ती मला जाऊ द्यायची नाही. बॅगेत घालून नेतेय.

एक सांगायचं राहिलं. आज सकाळी साहेबांचा फोन आला, हवा फारच वाईट दिसतेय, दौरा रद्द करू या का? मला बरं वाटलं, तात्या. चक्क बरं वाटलं. त्या समुद्रापेक्षा माझं यंत्र तिथं मुकं ठरेल याचीच जास्त भीती वाटतेय मला. जायचंच म्हणून सांगितलं मी त्यांना, पण लगेच नाही. घोटभर पाणी प्यावं लागलं.