दोनदा उकळलेलं पाणी

१२ ऑक्टोबर, सोमवार
मला न विचारता सुनेनं, झिबेकनं, आमच्या विहिरीचं पाणी तपासायला धाडलं! बाटली भरून, नर्सच्या हाती. का, तर माझ्या नातवाची, एल्दियारची नखं निळसर दिसतात. अगं, आमच्या तलास खोऱ्यातल्या थंडीत कुणाची नखं निळी होत नाहीत? महिन्याचं पोर ते! मी त्याला मोज्यांवर मोजे चढवले. चाळीस वर्षं हेच पाणी पितेय मी. झिबेकला दूध येत नाही, म्हणून डब्याची पावडर पाण्यात कालवावी लागते – आणि दोष विहिरीवर!

१५ ऑक्टोबर, गुरुवार
कागद आला. चष्मा लावून दोनदा वाचला. जंतू – नाहीत. हं! मी म्हणतच होते. पण खाली नायट्रेट – ११२. मर्यादा ४५. शेजारी शिक्का: तान्ह्या मुलांना देऊ नये.

नर्स म्हणाली, "शेणामुतातून मुरतं हे, आपा." मग दुसरं कोण असणार? शेजारची तुर्दुबूबू! तिच्या गोठ्यातलं शेण वर्षानुवर्षं आमच्या कुंपणाला लागून पडलंय. मुद्दाम टाकते की काय, कोण जाणे.

असो. उकळल्यावर काय राहतंय? आजपासून बाळाचं पाणी मी स्वतः उकळून थर्मासात भरणार. अर्धा तास, निववून पुन्हा अर्धा तास. सुनेच्या भरवशावर नाही.

१७ ऑक्टोबर, शनिवार
झिबेक शालीखाली थर्मास लपवून तुर्दुबूबूकडे गेली. काय शिजतंय दोघींचं?

१९ ऑक्टोबर, सोमवार
पकडलं झिबेकला! मी उकळून ठेवलेलं पाणी सफरचंदाच्या झाडाखाली ओतत होती. त्या पाण्यापायी माझा हात भाजलाय! वाट्टेल ते बोलले. "माझ्या हाताला विष लागलंय का गं?"

"नाही, आपा." मान खाली. मग चहा ओतायला बसली, मला वाटी अर्धीच भरून दिली – आमच्यात मानाच्या माणसाला अशीच देतात. सुनेनं सासूला उलटून बोलू नये, हे मीच शिकवलंय तिला. पण गप्प माणसाच्या पोटात काय आहे ते कसं कळावं?

२० ऑक्टोबर, मंगळवार
गावातल्या म्हाताऱ्यांच्या बैठकीत तुर्दुबूबूला उभं करायचं, तर पुरावा हवा. म्हणून तालुक्याच्या प्रयोगशाळेत गेले. उकळण्याचं ऐकून तिथल्या बाईंनी कपाळाला हात लावला. "आजी, उकळून जंतू मरतात. हे मरत नाही. पाणी आटतं, हे मागं उरतं. जितकं उकळाल तितकं जास्त! बाळाच्या रक्ताला मग हवा पुरत नाही, म्हणून ती नखं निळी."

"आणि शेजारणीचं शेण?"

"विहिरीच्या चढाला कुणाचं आहे ते सांगा."

तुर्दुबूबूचा गोठा उताराला. चढाला आमचा मेंढवाडा आहे. माझ्या सासऱ्यांनी बांधलेला.

परतताना बसमध्ये बोटांवर दिवस मोजले. पाच दिवस त्या थर्मासात मी काय भरत होते?

२२ ऑक्टोबर, गुरुवार
बाळाचे चाळीस दिवस झाले. चाळीस चमचे पाण्याची अंघोळ आजीनं घालायची. बादली घेऊन तुर्दुबूबूच्या दारात गेले. तिची बोअर खोल, पाणी तपासलेलं. मला तोंड वर करवेना. ती म्हणाली, "आज तुम्ही? रोज झिबेक नेते की बाळासाठी, कागद आल्यापासून. म्हणते, आपांना सांगू नका, त्यांना लागेल."

चमचे मोजताना त्याची नखं पाहिली. गुलाबी. माझं पाणी सगळं त्या झाडानं प्यायलं.