आठ घरांचा खांब

मी, रविंद्र मारोतराव गायधने, वय बावीस, राहणार हुडकेश्वर, विहिरीजवळची बोळ, नागपूर; धंदा शिकवण्या, बोळीतल्या लोकांच्या मते रिकामटेकडेपणा; हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अशा कागदात ‘मन स्थिर आहे’ असे लिहितात. माझे मन स्थिर नाही, संतापलेले आहे. पण संताप म्हणजे वेड नव्हे, आणि मला कोणी भरीस पाडलेले नाही. मला भरीस पाडणे किती अवघड आहे हे माझ्या आईला विचारा.

लिहिण्यास कारण असे की मला हर्निया झाला असून नागपूरच्या सरकारी दवाखान्यात, वॉर्ड नंबर चारमध्ये, माझे ऑपरेशन ठरले आहे. काही बरेवाईट झाल्यास जबाबदारी रोग्याची स्वतःची, अशा छापील फॉर्मवर माझी सही घेतली. सही केली, पण तेव्हाच डोके फिरले. या देशात जबाबदारी नेहमी आडवे पडलेल्या माणसाचीच असते. उभ्या असलेल्यांचा फॉर्म छापलेला मी अजून पाहिला नाही.

कलम एक ते सहा मी काल, सोमवारी, लिहिली. पुढची आज.

कलम एक. हुडकेश्वरचे दोन खोल्यांचे घर आणि पुढचे अंगण बाबांच्या पश्चात माझ्या एकट्याच्या नावावर चढले, कारण तलाठ्याने आईला विचारलेच नाही. ते सर्व माझी आई पार्वतीबाई हिचे. तिच्या हयातीत कोणा काकाने ‘बाईमाणूस काय करणार’ म्हणून त्यात पाय ठेवू नये. दोन काका आहेत, दोघांनाही हे लागू आहे.

कलम दोन. सायकल वीज मंडळाचे लाईनमन नत्थूभाऊ यांना द्यावी. ते खांद्यावर शिडी घेऊन हुडकेश्वरभर पायी फिरतात. त्यांनी मला चारचौघांत ‘पागल’ म्हटले होते. माझा राग कायम आहे, तरी सायकल त्यांचीच. मागचा ब्रेक लागत नाही.

कलम तीन. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची पुस्तके शेजारच्या नीला लांजेवार हिला द्यावीत. मी ती अर्धी वाचली, उरलेली अर्धी तिने वाचावीत. कॉलेज मी का सोडले याबद्दल बोळीत चार कथा आहेत. खरी ही.

आम्हाला पदार्थविज्ञान शिकवायला दत्तोपंत पाध्ये सर होते. एकदा तास संपता संपता ते म्हणाले, कोळसा जळला की त्याचा वायू वर जाऊन तिथेच राहतो, पृथ्वीवर गोधडी घातल्यासारखा. ऊब आत येते, बाहेर जात नाही. वर्षागणिक गोधडी जाड होत आहे, आणि किती जाड होईल हे मोजायला परदेशात शास्त्रज्ञ बसले आहेत. वर्गात हशा पिकला. नागपूरच्या मे महिन्यावर अजून एक गोधडी! मी हसलो नाही. त्या दिवशी मला घास गेला नाही.

पुढे डिसेंबर १९८३ च्या गॅदरिंगला एक मोठे साहेब पाहुणे आले. भाषणात म्हणाले, देशाला कारखाने हवेत, कारखान्याला वीज हवी, तेव्हा जनतेने थोडा धूर सोसावा. आणि निसर्गासाठी प्रत्येकाने स्वखुशीने एक झाड लावावे, घरातला एक दिवा कमी लावावा. मी उभा राहिलो. म्हटले, “साहेब, आमच्या बोळीत एकही दिवा नाही. कमी कोणता लावू? आणि तुमच्या मागं तीन मोटारी आल्या, त्यातली एक कमी लावता का?” प्रिन्सिपॉल म्हणाले, माफी माग. मी ओळखपत्र फाडून टेबलावर ठेवले.

त्या दिवसापासून मी व्रत घेतले: वीज वापरणार नाही, मोटारीत बसणार नाही, पंपाचे पाणी पिणार नाही. सकाळ-संध्याकाळ विहिरीवरून दोन-दोन घागरी आणल्या. हर्निया त्याचाच आहे, असे डॉक्टर म्हणतात.

कलम चार. माझ्या पेटीत गोडेतेलाचा एक जुना डबा आहे. त्यात राख आहे. खाप्याकडे माझ्या मामाची संत्र्याची दीडशे झाडे आहेत. त्यांची पाने पुसून ती मी जमवली. तिकडच्या वीजकेंद्राच्या चिमणीत राख अडवणारे यंत्र आहे. पण त्या यंत्रालाच वीज लागते, म्हणून महिन्याचे उद्दिष्ट गाठायचे असले की ते बंद ठेवतात. हे मला मामेभावाने सांगितले. तो तिथेच वॉचमन आहे. मामाच्या घरी टीव्ही आणि झाडांवर राख एकाच वर्षी आले. मामा कोणाला शिव्या देणार? मी देतो. हा डबा केंद्राच्या मोठ्या इंजिनियरच्या टेबलावर, काचेवर, उपडा करावा. झाकण आधी सैल करून ठेवावे, गंजले आहे. सोबत चिठ्ठी: ‘एक दिवा आम्ही कमी लावतो. हे यंत्र तुम्ही सुरू करा. ते आमच्या स्वखुशीत बसत नाही, तुमच्या नोकरीत बसते.’

कलम पाच. माझ्या अंगणाचा पूर्वेकडचा कोपरा, जिथे वीज मंडळाने जानेवारी १९८५ मध्ये खड्डा खणला होता, तो विजेच्या खांबासाठी कोणालाही, कधीही देऊ नये. माझ्या अस्थी त्या खड्ड्यात ठेवून वर कडुनिंब लावावा.

(हे कलम मी स्वतः खोडले आहे. कारण कलम आठमध्ये. र. मा. गा.)

कलम सहा. पेटीच्या तळाशी एक्केचाळीस पत्रे आहेत. ती नीलाला लिहिलेली आहेत आणि एकही दिलेले नाही. कोणी वाचू नयेत. जाळू नयेत, उगाच धूर होतो. भिजत घालून, मेथ्या वाटून घालून, आई करते तशी लगद्याची टोपली करावी. टोपली कोणाला द्यायची ते आईला कळते. तिला सगळेच कळते, फक्त बोलत नाही.

इथपर्यंत सोमवार. आता पुढचे.

कलम सात. यात देण्याघेण्याचे काही नाही, पण हे वाचल्याशिवाय आठवे कळणार नाही.

आमची बोळ चार फुटांची आहे. खांब उभा करायला जागा एकच, माझ्या अंगणाचा कोपरा. तिथून तार मागच्या आठ घरांना जाणार होती. नत्थूभाऊंनी खड्डा खणला आणि ना-हरकतीचा फॉर्म माझ्यापुढे धरला. मी तो फाडला आणि पुस्तक घेऊन खड्ड्यात बसलो. दोन दिवस बसलो.

“भाऊ, हा खड्डा खांबाचा हाये, तुमचा नाही,” नत्थूभाऊ म्हणाले.

“कोळशाची वीज माझ्या जमिनीवरून जाणार नाही.”

“मंग पागल माणसा, आमी काय गुलाबजलाची आणू?”

तिसऱ्या दिवशी त्यांनी खांब नालीच्या कडेला टाकला आणि गेले. तो अजून तिथेच आहे. त्याच्यावर पोरे बसतात, बाया पापड वाळवतात. येता-जाता मला तो दिसायचा आणि छाती फुगायची. नागपुरात दुसरा कोणी आहे का, ज्याने धूर असा अडवला?

काल संध्याकाळी आईबरोबर नीला भेटायला आली. निकाल लागला होता. ती बारावीत नापास झाली. पुढे नर्सिंगला जायचे तिच्या मनात आहे, हे बोळीला माहीत आहे. मी समजूत घालू लागलो की परीक्षा म्हणजे सर्वस्व नव्हे, मी स्वतः कॉलेज सोडले.

“तू सोडलं,” ती म्हणाली. “मी कुठं सोडलं गा? माहं सुटलं.”

मी विचारले, काहून?

“रेशनचं रॉकेल महिन्यातून पंधरा दिवस. बाकीचे दिवस मी सडकेच्या दिव्याखाली जाऊन वाचत होती. तिथं पानठेल्यावरचे पोट्टे गाणे म्हणत. बाबाले कळलं, बाबानं बंद केलं. आता म्हणते, ऑक्टोबरले एक डाव अजून बस, नाही तर दिवाळीनंतर सावनेरचं स्थळ पक्कं.”

मी म्हटले, “नीला, मी हे जगासाठी करून राहिलो.”

“कर नं. तुह्यासाठी तू आपल्या मनानं सोडलं, म्या कधी हसली का? पण आमाले कोणी विचारलं? तुह्या व्रताचं रॉकेल माह्या घरी जळते, रविंद्र. धूर माह्या मायच्या डोळ्यात जाते. तुह्या जगात आमची बोळ येते का नाही, तेवढं सांग.”

आई म्हणाली, “चाल वं, बस निघून जाईन.” आणि दोघी गेल्या.

मला भयंकर राग आला. नीलाचाच आला. वाटले, हिलाही टीव्हीच हवा आहे. म्हणून तर कलम पाच मी काल तिच्या पाठोपाठ, दात-ओठ खाऊन लिहिले. हेही लिहून ठेवतो, कारण मृत्युपत्रात खोटे लिहू नये.

आज सकाळी नऊ वाजता मला ऑपरेशनच्या खोलीत नेले. वर थाळीएवढा दिवा. मी डॉक्टरांना सांगितले की माझे व्रत आहे. ते हात धूत म्हणाले, “मग कंदिलावर कापू का?” नर्स कुसुमताई तोंड वळवून हसल्या. अंग उघडे पडले की तत्त्व बोलायला जीभ उचलत नाही.

आणि दिवा गेला. वीजकपात. जनरेटर घुरघुरला आणि बंद पडला. खोलीत एक बाई आधीच अर्धी कापलेली होती, पडद्यापलीकडे. डॉक्टर ओरडले, “बॅटरी! बॅटरी आणा!” तिची माय बाहेर दार ठोकत होती. तेव्हा, त्या अंधारात, आडवा पडून, मी वीजकेंद्राला मनातल्या मनात जी शिवी दिली ती इथे लिहिता येत नाही. पण तिचा अर्थ होता: जाळा ना लेकहो अजून कोळसा!

मी. रविंद्र गायधने. गोधडीवाला.

बॅटरीच्या उजेडात त्या बाईचे टाके पडले, ती वाचली. वीज येईपर्यंत मला परत वॉर्डात आणले. शेजारच्या खाटेवर लहानूकाका आहेत, सावनेरकडच्या खाणीतून निवृत्त झालेले, खोकल्याचे रोगी. त्यांना मी सगळे सांगितले. ते खोकता खोकता हसले.

“बावा, म्या तीस वर्सं कोळसा काढला. तीन पोरी त्याच्यावरच शिकवल्या. आता तू म्हणतं का म्या जग जाळलं.”

“तुम्ही नाही, काका.”

“मंग कोण? खाणीत तं मीच होतो. अन् छातीत जे हाये तेबी माहंच हाये. मले दोन्ही ठाऊक हायेत, पोरीबी अन् छातीबी. तुले एकच ठाऊक हाये, म्हणून एवढा वरडतं.”

तरी मला पाध्ये सर खोटे वाटत नाहीत. गोधडी जाड होतच आहे, आणि ज्यांनी ती शिवायची ठरवली ते मोटारीतून झाडे लावायला सांगत फिरत आहेत. त्यांच्यावरचा राग मी कोणालाही देऊन जाणार नाही, तो माझ्याबरोबर येईल. पण मी काय केले? मोठी चिमणी माझ्या हाती नव्हती, म्हणून हाती लागलेली आठ घरे बंद केली. त्या साहेबाने मला न विचारता मामाच्या झाडांवर राख टाकली, मी नीलाला न विचारता तिच्या वहीवर काजळी टाकली. फरक एवढाच की त्याला हार घालतात.

कलम आठ. म्हणून कलम पाच रद्द. अंगणाचा पूर्वेकडचा कोपरा, चार फूट बाय चार फूट, विजेच्या खांबासाठी मी देत आहे. मोबदला नको. जो ना-हरकतीचा फॉर्म मी फाडला, त्याच्या जागी हेच कलम समजावे. खड्डा अर्धा बुजला आहे, आत माझी एक चप्पल सापडेल.

माझ्या खोलीत जोडणी घेऊ नये. ते व्रत माझे आहे आणि माझ्या चार भिंतींपुरते राहील. आईच्या खोलीत घ्यायची की नाही, हे आईला विचारावे. या घरात तिला पहिल्यांदाच काही विचारले जात आहे. कलम चारमधला राखेचा डबा मात्र रद्द नाही. मी जगलो तर मीच घेऊन जाईन, आणि इंजिनियरला विचारीन की आठ घरांच्या दिव्यासाठी दीडशे झाडे पांढरी पडलीच पाहिजेत, हे कोणत्या पुस्तकात लिहिले आहे.

मृत्युपत्र माणूस मेल्यावर चालू होते, हे मला माहीत आहे. बाकीची कलमे तशीच चालावीत. हे आठवे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. ते आजपासून लागू आहे. ऑक्टोबरला चार महिने उरले आहेत. आई वॉर्डाबाहेर बसली आहे. या कलमाची दुसरी प्रत, सहीसकट, ती आजच नत्थूभाऊंच्या हातात देईल. नीलाला माझे नाव सांगू नये. खांब मंडळाने उभा केला असे सांगावे. (ही ओळ आईने दारातून ऐकली आणि म्हणाली, “तिले का समजणार नाही?” तरी राहू द्यावी.)

वरील मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवला. कलम पाचची खाडाखोड त्यांच्यासमोर केली.

सही: रविंद्र मारोतराव गायधने

साक्षीदार:
१. लहानू सखाराम निखाडे, खाट नंबर बारा. डाव्या हाताचा अंगठा. (यांनी सांगून लिहवले: “पोरगा शुद्धीवर हाये. आजच आला.”)
२. कुसुमताई भोयर, नर्स, वॉर्ड नंबर चार. सही.

स्थळ: नागपूर
तारीख: १० जून १९८६, मंगळवार, दुपारी साडेतीन. डोक्यावरचा पंखा आत्ताच फिरू लागला. वीज आली; मला आत बोलावून राहिले.