वैष्णवीनं गणित सोडलं

बुलढाणा

सौ. जनकाबाईस जयभीम.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितो. नातीला अकरावी सायन्सला प्रवेश मिळाला, काळजी नको. गुडघ्याला तेल लावतेस ना?

वैष्णवीनं गणित सोडून भूगोल घेतला. मी घाबरून सरांना विचारलं, गणिताशिवाय बारावी पास धरतात का? सर म्हणाले, "धरतात बाबा. जीवशास्त्र हाय, डॉक्टरकीले चालते. इंजिनिअर तेवढं होता येत नाही."

वैष्णवी म्हणते, "आबा, मले इंजिनिअर व्हाचंच नाही."

तू साऱ्या सोनाळ्यात नात इंजिनिअर होणार म्हणून सांगितलंस. आता हळूहळू डॉक्टर म्हणायला लाग. विषय बदलायची मुदत अजून आहे, पण मी तिला भरीस घालणार नाही. तूही घालू नकोस.

तुझा,
किसनराव