पापुद्रा उलटून पाहिला तेव्हा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. खाली हुद्दा, त्याखाली शिक्का. एका बाकावर बसून ज्याने माझ्या पेन्सिली चावल्या, त्याने मला हुद्दा कळवावा याची गंमत वाटली. शाळेत कविता म्हणताना तू दोन-दोन ओळी गाळायचास आणि आवाज इतका चढवायचास, की गुरुजीही फसायचे. मला मात्र गाळलेल्या ओळीच ऐकू यायच्या. हल्ली दुपारी पडल्यापडल्या त्या कविता आपोआप सुरू होतात आणि डोळ्यांपुढे आपली काळ्या पडद्यांची प्रयोगशाळा उभी राहते.

किती देखणं काम होतं ते! रेणू दोन तऱ्हांचे, एक डावा पीळ घेतलेला, दुसरा उजवा. त्यांच्यावर प्रकाश पाडला की ते स्वतः उजळायचे आणि त्यांचा प्रकाशही डावा किंवा उजवा वळत यायचा. रेणू स्थिर असला तर ते वळण स्पष्ट दिसायचं; उजळण्याआधी तो हलला, उलगडला, तर पुसट व्हायचं. डोळ्यांना कधीच न दिसणारी हालचाल आपण त्या डाव्या-उजव्यातल्या फरकावरून ओळखायचो. मला त्यात कविता दिसायची, तुला बढती.

आता तू म्हणतोस, थंड केल्यावर वळण स्पष्ट दिसतं, म्हणजे तुझे रेणू हलायचे थांबतात. मोठाच शोध. फक्त तुझ्या विद्यार्थिनीने काचेवर सुकवलेला त्या रेणूंचा पापुद्रा पालथा घालून पुन्हा मोजलं आणि डाव्याचं उजवं झालं. म्हणून तुला माझ्याकडून प्रमाणपत्र हवंय, की त्या आठवड्यात मोजणीचं यंत्रच बिघडलं होतं. निवृत्तीनंतरही ते रुसलं की मलाच बोलावतात, तेव्हा माझ्या शब्दाला वजन आहे, असंही वर लिहितोस. वजन म्हणे.

अरे शहाण्या, खरा पीळ रेणूच्या अंगात असतो. पापुद्रा पालथा घातला म्हणून तो बदलत नाही. बदलला, तर तो रेणूचा नव्हेच, सुकताना पापुद्रा एका बाजूला ओढला गेला त्या ताणाचा. हे तूच पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचास. तुझ्या शोधनिबंधात सदतीस आलेख आहेत आणि एकासाठीही पापुद्रा उलटलेला नाही. एवढा आळस मी फक्त सत्काराच्या खुर्च्यांवर पाहिलाय. वर त्या पोरीला सांगतोस, बाई, तुझा हात थरथरतो, तू आपली लिखाणाकडे बघ. मी परवा तिच्यासोबत बसून पुन्हा मोजलं. यंत्र ठणठणीत आहे. तिचा हात तुझ्या दालनाबाहेर अजिबात थरथरत नाही. तिची पदवी तू अडवून धरली आहेस, हे तिने नाही सांगितलं, तुझ्या कारकुनाने सांगितलं. त्याला तरी लाज वाटत होती.

प्रमाणपत्र मिळणार नाही, हे एका ओळीत कळवता आलं असतं. पण आपल्या दोघांच्या नावावरचा पहिला निबंध तुला आठवत असेल. तो छापून आला त्या आठवड्यात मी एकटाच यंत्रापाशी होतो. निव्वळ हौसेने आपला पापुद्रा पालथा घातला. आकडा उलटला. तुला त्याच निबंधावर कायमची नोकरी लागली होती, वहिनी नव्या घराचे पडदे शिवत होत्या. मी पापुद्रा सुलटा केला आणि चौतीस वर्षं गप्प बसलो. तेव्हा वर तुला जे जे म्हणालो, त्यातलं निम्मं मी माझ्याकडे ठेवून घेतो. गुरुवारी त्या पोरीची तोंडी परीक्षा आहे आणि समितीने मला यंत्राबद्दल विचारायला बोलावलंय. तिथे मी दोन्ही पापुद्र्यांबद्दल सांगणार, आधी आपल्या जुन्या पापुद्र्याबद्दल. तू माझ्याआधी बोललास, तर मी फक्त खरं आहे म्हणेन. नाही बोललास, तर सगळं मलाच बोलावं लागेल, आणि मी एकदा सुरू झालो की मला थांबवता येत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार.

तुझाच, अजून तरी,
यंत्रोबा