विहिरीला तेल लागल्याची हकीकत

तीर्थस्वरूप पुंजाराम दाजी,
धाकटा मेहुणा गहिनीनाथ याचं डोकं तुमच्या पायाशी टेकलं असं समजावं. सुप्यात कारखान्याची शिफ्ट आणि तुमची कंबर दोन्ही सुरळीत असतील अशी आशा. इकडे आमची कारभारीण राहीबाई, म्हैस आणि मी खुशाल आहोत (म्हैस थोडी कमी, कारण पुढे येईल). पत्र कारखान्याच्या पत्त्यावर धाडतोय आणि फोनही केला नाही, कारण तुमचा मोबाईल ताई उचलते.

दाजी, मी पुरता हादरलोय. आपल्या शिवारात तेल शोधणारी कंपनी येणार म्हटल्यावर मी काय काय मनात धरलं होतं. बोअरच्या गाड्या येतील, सुरुंग उडतील, म्हशीचा उभा घास तुडवतील, आणि त्या गोंधळात आपल्या विहिरीच्या तळाचा तो काळा कातळ, ज्याच्यापुढे आबांनीही हात टेकले, तो फुकटात फुटून जाईल. कातळ फुटला की उन्हाळ्यातही पाणी, एवढंच माझं मागणं. आलं काय, तर दोन पिकअप आणि जेवणाच्या डब्याएवढी यंत्रं. ना वायर, ना सुरुंग. डबा वीतभर खड्ड्यात पुरायचा, लांब रस्त्यावर एक जड गाडी उभ्या उभ्या थरथरायची, आणि त्या थरथरीवरून जमिनीच्या पोटात काय आहे ते डब्याला कळायचं. चार दिवसांनी डबे काढले, खड्डे बुजवले, वरची ढेकळंसुद्धा होती तशी ठेवली (आधी फोटो काढला होता). बांधाजवळ टिटवीने अंडी घातली होती, तर तिच्यासाठी डब्यांची अख्खी ओळ पन्नास फूट सरकवली. शेजारच्या श्रीमंतने माझ्यासाठी आजवर बांध वीतभर मागे घेतलेला नाही.

मग मी डोकं चालवलं (घोळ इथेच झाला). कंपनीला तेल हवंय ना, मग ते आपल्या विहिरीतच दिसलं तर कातळ फोडायला मशीन लावतीलच. ट्रॅक्टरचं पाच लिटर डिझेल विहिरीत ओतलं आणि त्यांच्या मोठ्या साहेब, भिंगारच्या एस्तेर मॅडम, यांना हात जोडून घेऊन आलो. म्हटलं, "म्याडम, कातळातून वास येतोय. लई दिवसापासनं येतोय." त्यांनी बाटलीत पाणी घेतलं, हुंगलं, उन्हात धरलं, आणि कठड्यामागे पडलेल्या माझ्या कॅनकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "काका, जमिनीतून निघालेलं तेल कच्चं असतं. हे पंपावरून आलंय." मी तोंड लपवायला खड्डा शोधला, तर तोही त्यांनी बुजवलेला.

दुसऱ्या दिवशी त्यांची माणसं दोरावरून खाली उतरली आणि पाण्यावर पांढरे जाड तुकडे पसरून गेली. ते तेल पितात, पाणी पीत नाहीत. (म्हैस आता दोन्ही पीत नाही.) बारा दिवसांनी तुकडे काढायचे, पाणी उपसायचं, तपासायचं, तोवर कुणी तोंडाला लावायचं नाही. वर मॅडमनी अहवाल वाचून दाखवला. सगळ्या तालुक्यात काम चालू असताना तेल सांडल्याची घटना एक, ठिकाण गहिनीनाथची विहीर. कंपनीकडून सांडलेलं, शून्य. लाज वाटली, दाजी. आबांनी टिकावाने खणून काढलेलं पाणी मी पाच मिनिटांत नासवलं.

थोरांना नमस्कार, लहानांना आमच्याकडचं पाणी सोडून बाकी सगळं.

तुमचा,
गहिनीनाथ

ता. क. खरं काम राहिलंच. विहिरीत निम्मा वाटा भीमाताईचा. माहेरी आली की हातातली पिशवीही खाली न ठेवता ती आधी विहिरीवर जाते आणि ओंजळभर पाणी पिते, हे तुम्ही जाणताच. ती रविवारी निघणार असं कळलं. कंबर धरली म्हणा, काहीही म्हणा, पण तिला बारा दिवस सुप्यातच थांबवा.

ता. क. २. कंबर धरायची गरज उरली नाही. पाकीट चिकटवायला राहीबाईकडे दिलं, तिने पत्र वाचलं आणि फोटो काढून ताईला मोबाईलवर धाडलं. ताईचा निरोप आला: "रविवारी न्हाई, उद्याच येते. आबाची पहार माळ्यावर हाय, काढून ठिव. पानी उपसलं की कातळ तूच फोडायचा." पहार सापडली. बारा दिवस भरले की मी विहिरीत असेन आणि दोर ताईच्या हातात. दाजी, रजा मिळेल तितक्या लवकर या.