वाकडं दिसलं की उसवायचं

ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार. गुडघा कुरकुरतो, म्हणून तो कागदावरच घातला आहे. गोड मानून घे.

मी मजेत आहे, थोडा सुटलोही आहे. तुझा खोकला थांबला का?

आमच्या कारखान्यात उंचावर काम करणाऱ्यांचे सुरक्षापट्टे शिवतात. प्रत्येकाने आपलं ब्रीदवाक्य पाटीवर लिहून मशीनवर लावावं, असं फर्मान निघालं. बाकीच्यांनी वेग आणि प्रगती लावली. आयुष्यभर संस्कृत सूत्रं घोकलेल्या तुझ्या मुलाने तुझंच सूत्र लावलं : "वाकडं दिसलं की उसवायचं." आणि लगेच चार पट्टे उसवले.

मुकादम तडकला. "पंडित, आतली शिवण कोण उलटून बघतंय?"

"माझी आई बघायची."

"ती इथे नाही!"

"म्हणून मी बघतो."

पाटी उतरवून निमूट शिव, नाहीतर सोमवारपासून येऊ नकोस, असं त्याने बजावलंय. पण त्या पट्ट्याला माणूस लटकणार आहे, आई. मी सोमवारी जाणार आणि वाकडं दिसलं तर उसवणार. हाकललंच, तर पाटी घेऊन घरी येईन. तुझ्या शिवणाच्या मशीनमागच्या भिंतीत एक खिळा ठोकून ठेव.

तुझा, आणि फक्त तुझाच, आज्ञाधारक
थोरला