सारेचा शब्द

खापर,
ता. २० नोव्हेंबर १९३६

ती. भाईदासदादा यांस, उखाचे प्रेमाचे सलाम. वि. वि.

दिवाळीचे दिवस तळोद्याला तुमच्याकडे काढून आम्ही तिघे सुखरूप पोचलो. धनू अजून मामीच्या सांजोऱ्या मागते आणि तिची आई रागावली की मामाकडे निघून जाईन म्हणून धमकावते.

बाप्तिस्मा घेतल्यापासून माझ्या सख्ख्या भावांनी मला उंबरा बंद केला. तुम्ही कौसाचे भाऊ, त्यातून कुठलाच देव न मानणारे; तरी तुमच्या ओट्यावर मला शास्त्र उघडून बसता येतं. हे मी विसरत नाही.

आपला वाद अर्धा राहिला. पोटच्या मुलावर सुरी उगारणाऱ्या अब्राहामाची गोष्ट लेकरांना शिकवू नये, असं तुम्ही म्हणालात. दादा, तुम्ही ती मधेच सोडता. आजूबाजूचे लोक तेव्हा देवाला लेकरं वाहत होते. या देवाने डोंगरावर बापाचा हात धरला आणि मूल परत दिलं. त्या हात धरण्यासाठीच ती गोष्ट आहे, असं मी समजतो.

दुसरी बातमी अशी की नर्मदाकाठी मणिबेलीला शाळा चालवायला आणि प्रार्थना घ्यायला माणूस हवा होता. मी हो म्हणालो. पुढच्या आठवड्यात बिऱ्हाड हलवतो. मामींना सलाम. माया आहे ती अशीच राहू द्यावी.

तुमचा,
उखा


तळोदे,
ता. २५ नोव्हेंबर १९३६

रा. रा. उखाजी पाव्हणे यांस, भाईदासचा नमस्कार. वि. वि.

पत्राच्या माथ्यावर मी काही लिहीत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती जागा तुमच्या देवासाठी मोकळी सोडली आहे असं समजा.

तुमचा अर्थ मला आवडला. माझ्यापेक्षा तो चांगला आहे, हे कबूल करायला लाज वाटत नाही. तुम्ही दिलेलं पुस्तक काढून तो अध्याय पुन्हा वाचला. पण एक गोष्ट सुटत नाही. अब्राहामाची बायको सारा कुठे आहे? अब्राहाम पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो, लाकडं फोडतो. मुलाच्या आईला काही सांगितल्याचं लिहिलेलं नाही. ते परतल्यावरही त्या बाईच्या तोंडचा एक शब्द नाही. पुढे येतं ते तिचं मरण, तेही दुसऱ्या गावी, आणि अब्राहाम तिच्यासाठी रडायला तिथे येतो. डोंगरावर हात धरला गेला असेल. घरात काय झालं?

आता शाळामास्तर म्हणून नव्हे, मामा म्हणून लिहितो. पावसाळा सरल्यावर त्या काठाला हिवताप किती असतो ते तुम्ही ऐकून असाल. धनूला वर्षभर आमच्याकडे ठेवा. आम्हाला मूल नाही; भिकुबाईने तिच्यासाठी गोधडीसुद्धा शिवायला काढली. तुम्ही जा, मी अडवत नाही. तुमच्या कामावर माझा विश्वास नसला तरी तुमच्यावर आहे.

चि. सौ. कौसास आशीर्वाद. राग न धरता उत्तर द्यावं.

भाईदास


मणिबेली,
ता. १८ डिसेंबर १९३६

ती. दादा यांस, उखाचे सलाम. वि. वि.

आम्ही इथे पोचलो. गावचा कारभारी जामसिंग याने आपल्या घराशेजारी कुडाची खोली दिली आहे. धनू त्याच्या पोरांबरोबर नदीवर हुंदडते. त्यांची बोली तिला माझ्याआधी येऊ लागली आणि मी चुकलो की सगळ्या पोरांसमोर हसते.

तिला तुमच्याकडे ठेवण्याचा मी फार विचार केला. पण माझं लेकरू तळोद्याला जपून ठेवून इथल्या आईबापांना देवावर भरवसा ठेवा असं मी कोणत्या तोंडाने सांगणार? मामींना माझी माफी सांगा.

सारेविषयी माझं म्हणणं असं की शास्त्र जिथे मुकं आहे तिथे आपणही बोलू नये. पण तुमचा प्रश्न मनातून जात नाही. कौसाला तुमचं पत्र वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती, ती थापतच राहिली.

परवापासून धनूला हीव भरून ताप येतो. जवळचं हिवतापावरचं कोयनेल संपत आलं. जामसिंग उद्या खापरच्या बाजाराला निघतो, त्याच्याबरोबर हे पत्र देतो. जमेल तितकं पाठवावं.

तुमचा,
उखा


मणिबेली,
ता. २ जानेवारी १९३७

ती. दादा यांस, उखाचे सलाम.

आपली धनू नाताळच्या दुसऱ्या दिवशी गेली. तुमचं कोयनेल त्यानंतर पोचलं.

ताप डोक्यात चढला तेव्हा जामसिंगाने नाव काठाला लावली होती, तिला दवाखान्यात नेऊ म्हणाला. मी म्हणालो, प्रार्थना होऊ दे. प्रार्थना झाली तेव्हा नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझा हात कोणी धरला नाही, दादा. ही माझी शिक्षा आहे, एवढंच मला कळतं.

तुम्हाला जे म्हणायचं असेल ते लिहा. मी सगळं वाचीन.

उखा


तळोदे,
ता. ९ जानेवारी १९३७

रा. रा. उखाजी यांस, भाईदासचा नमस्कार.

भिकुबाई अन्नाला शिवत नाही. मी शाळेत जातो आणि फळ्याकडे तोंड करून उभा राहतो.

तुम्ही मला बोलायला सांगितलंत म्हणून बोलतो. तुमच्या पुस्तकात सगळी लेकरं गमावलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ मुकाट्याने बसतात, तोवर ते शहाणे आहेत. मग ते तोंड उघडतात आणि त्याला त्याचं पाप समजावू लागतात. मला त्यांच्यातला एक व्हायचं नाही. नाव आधी सोडायला हवी होती, हे मी म्हणणार. ते न म्हणणं खोटं होईल. पण शिक्षा हा शब्द मी मान्य करत नाही. देवाला लेकरं नकोत, असा अर्थ तुम्हीच मला शिकवलात. मी देव मानत नाही, तरी तो अर्थ मानतो. तुम्ही देव मानता, तर तो अर्थ टाकून देऊ नका. धनूला तापाने नेलं. तो ताप तुमच्या देवाने धाडला असं मी नास्तिक असून म्हणत नाही, मग तुम्ही का म्हणावं?

कौसा बोलते का? चि. सौ. कौसास आशीर्वाद. मला परकं न करता दोन ओळी लिहीत जावं.

भाईदास


मणिबेली,
ता. २४ जानेवारी १९३७

ती. दादास, कौसाचा सलाम.

तू लहानपणी पाटीवर शिकवलेलं अक्षर आहे, वाकडं असेल. समजून घे.

तुझं पत्र यांनी वाचलं आणि घडी करून उशाशी ठेवलं. शाळा बंद आहे. हे नदीवर जाऊन बसतात, जामसिंगाची बायको भाकर नेऊन देते तेव्हा खातात. तू पाठवलेलं कोयनेल मी तिच्या तापलेल्या पोरांना देते आहे. दोघं उठून बसली. मी प्रार्थना करते, दादा. देवावर माझा राग आहे, पण बोलणं सोडलेलं नाही.

तुम्ही दोघं शहाणी माणसं. सारा का बोलली नाही यावर तुमची पत्रं गेली आली. मी तिथंच चुलीपाशी होते. माझ्या वाट्याला शेवटच्या ओळीतला आशीर्वाद आला. धनूला न्यायचं की ठेवायचं, हे माले कोणी इचारं नही. तूसुद्धा यांनाच विचारलंस.

परवा मी नदीवर गेले आणि यांना पहिल्यांदा सांगितलं. यांनी विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, ते सांगितलं. मी म्हटलं असतं, पोरीला घेऊनच जाऊ. तिच्यावाचून मी एक दिवस राहिले नसते. दादा, हे खरं आहे. हे ऐकून ते रडले. धनू गेल्यापासून रडले नव्हते.

मला विचारलं असतं तर आज निम्मं ओझं माझ्या डोक्यावर असतं. आता सगळं त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर आहे, आणि मी हात लावायला गेले तरी ते देत नाहीत.

मी इथून येणार नाही. वहिनीला घेऊन तूच ये, आणि काही दिवस पुस्तकावर बोलू नका. खापरहून जामसिंग आणील.

वाट बघणारी तुझी बहीण,
कौसा